उजवीकडनं

उद्यमनगरात माझी खोली, खोलीभर लाकडाचा भुसा.
पॅटर्न करतो : पंपाची बॉडी, फ्लायव्हील, सांगाल ते.
लोखंड ओततात ते शिरोलीला,
त्याआधी ते माझ्या हातनं एकदा लाकडात होऊन जातं.

कंपनीनं जपानला पाठवलं, अकरा दिवस,
नवं मशीन शिकायला.
राजनंदिनीनं वहीचं पान फाडून दिलं :
एका गावाचं नाव, तीन गाड्या बदलायच्या,
आणि खाली ठळक – बेडकाजवळ फोटो. विसरू नको.

बेडूक तिच्या चित्रांच्या पुस्तकातला.
हातात कंदील, लोकांचं हरवलेलं शोधून देतो.
चाळीस भाग आहेत म्हणे. मी एक चाळला होता,
काही केल्या गोष्ट पुढं सरकेना.
"बाबा, हे उजवीकडनं वाचायचं,"
असं म्हणाली, जशी आई म्हणायची
चपला उलट्या घातल्यात बघ.

रविवारी गेलो. एका डब्याची गाडी, तिच्यावर बेडूक.
पोस्टाच्या पेटीवर, न्हाव्याच्या काचेवर,
बँकेच्या दारात ब्राँझचा,
हात फिरून फिरून टाळू पिवळी पडलेली.
माणसं मात्र मोजून चार.
चहावाली बाई, सत्तरीच्या पुढची,
बोटांनी सांगत होती
आधी शाळेत किती पोरं, आता किती.
दुसऱ्या खेपेला तिला एकच हात पुरला.
चित्रं काढणारा इथलाच. तो गेला
आणि गावानं त्याचं सगळं रस्त्यावर आणून मांडलं.

फोटोसाठी मागं सरकलो, तर पायाखाली
गटाराचं झाकण. ओतीव. त्यात बेडूक.
मी गुडघ्यावरच बसलो.
कंदिलाची ज्योत दीड मिलिमीटर, तरी कड शाबूत.
वाळूतनं अलगद सुटावा म्हणून बाजूंना जरासा उतार.
माझ्यासारखाच कुणीतरी वाकून बसला असणार,
लोखंड निवताना आटतं
म्हणून बेडूक थोडा मोठा कोरला असणार.
एक सायकलवाला घंटी न वाजवता
मला वळसा घालून गेला.

सत्तावीस फोटो. सगळे झाकणांचे.

घरी ती मोबाइल सरकवत राहिली.
"एवढ्या लांब गटारं बघाय गेल्तास?
जा, मी बोलत न्हाई. झोपतो."
तिची आई म्हणाली, बेडूक काय, रंकाळ्यावरपण असत्यात.

पंधरा दिवसांनी जेवणाच्या ताटाशेजारी एक कागद.
गंगावेशीतला दुधाचा कट्टा, पहाटेचा,
म्हैस, फेसाळता ग्लास,
आणि म्हशीच्या शिंगाला कंदील.
काही न बोलता भात कालवत राहिली.

मी सागाच्या फळीवर कोरायला घेतलं. तीन रात्री गेल्या.
शनिवारी तिला शिरोलीला नेलं.
इलाहीनं वाळू ठोकून घेतली, पॅटर्न उचलला,
ती वाकून बघते तर चेहराच पडला.
"बाबा, म्हैस उलटी झाली. गंगावेससुद्धा उलटं."
म्हटलं, उजवीकडनं वाच.

मग लोखंड आलं, आणि ती माझ्या मागं,
शर्टाची मूठ घट्ट.

आता ते झाकण आमच्या पाण्याच्या टाकीवर आहे.
एक शिंग भरलं नाही,
तिथवर पोचायच्या आत लोखंड निवलं.
इलाही म्हणाला, परत ओतू.
ती म्हणाली, राहू दे, शोधणारा आहे की.

नळाला पाणी एक दिवसाआड येतं.
झाकण उचलताना
माझं बोट त्याच जागी जातं.